फाटलेल्या आवाजाची गोष्ट

शाळेच्या स्नेहसंमेलनातला हा प्रसंग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. मुख्याध्यापक बोलायला उभे राहतात, कोणीतरी अँप्लिफायरचे बटण जरा जास्तच फिरवतो आणि मागच्या रांगेतून ओरड होते, "आवाज फाटतोय, कमी करा!" तंत्रज्ञ ज्याला 'डिस्टॉर्शन' म्हणतात त्याला आपला मंडपवाला 'फाटणे' म्हणतो आणि शब्द अगदी नेमका वापरतो.

गंमत अशी की हाच फाटका आवाज मुद्दाम काढण्यासाठी जगभरचे गिटारवादक पदरचे पैसे खर्च करतात. त्यांच्या पायाशी एक छोटा धातूचा डबा असतो. त्यावर दोन-तीन बटणे आणि पायाने दाबायचा एक स्विच. या डब्याचे नाव 'ओव्हरड्राइव्ह पेडल'. स्विच दाबला की स्वच्छ वाजणारी गिटार एकदम खरखरीत, भरदार आणि लांबवर रेंगाळणारी होते. हे डबे विकत मिळतात. पण ते घरी बनवणारे, उघडून त्यात बदल करणारे हौशी लोकही भरपूर आहेत.

या डब्याचा इतिहास शिक्षकांच्या मासिकात का सांगायचा? कारण त्याच्या निमित्ताने आमच्याकडून एक चूक घडली होती.

"यात तुझे काय?"

आम्ही दोघे विज्ञानशिक्षक. नोकरी उल्हासनगर-अंबरनाथच्या शाळांत. १९९८ साली नववीतला एक मुलगा विज्ञान प्रदर्शनासाठी आलेख-कागदावर काढलेली एक आकृती घेऊन आला. त्याचा चुलत भाऊ उल्हासनगरच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत असे. भावाचा हिरव्या रंगाचा जपानी डबा उघडून मुलाने आतली तांब्याच्या रेषांची पट्टी पाहिली आणि कुठला भाग कुठे जोडला आहे ते टिपून घेतले. दोन रविवार तो हेच करत होता. "सर, मी हे बनवणार," तो म्हणाला.

आम्ही कागद पाहिला आणि म्हणालो, "अरे, पण यात तुझे स्वतःचे काय? ही तर नक्कल झाली." मुलाने कागदाची गुंडाळी केली आणि तो निघून गेला.

उल्हासनगरात 'नक्कल' हा शब्द जास्तच बोचतो. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत, सुमारे दोन हजार बराकींमध्ये, फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित राहू लागले. १९४९ साली या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. हाताला मिळेल तो धंदा करून या लोकांनी संसार पुन्हा उभे केले. पण बाहेरच्यांनी विनोद मात्र एकच लक्षात ठेवला : इथल्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहिलेले असते आणि 'यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'! त्या गावच्या शाळेत बसून आम्हीही तोच विनोद, जरा गंभीर चेहऱ्याने, एका मुलाला ऐकवला होता.

आवाज फाटतो म्हणजे काय होते?

इतिहासाकडे वळण्यापूर्वी थोडे विज्ञान पाहू. अँप्लिफायरचे काम लहान विद्युत-लहर जशीच्या तशी मोठी करणे. गिटारच्या तारेखालचे चुंबक आणि वेटोळे साधारण १०० मिलिव्होल्टची लहर देते असे धरू. ती १०० पट केली तर १० व्होल्ट व्हायला हवेत. पण बॅटरीच ९ व्होल्टची असेल तर १० व्होल्ट येणार कुठून? लहरीचा माथा आणि तळ कापला जातो. गोलसर डोंगराचे सपाट पठार होते. हेच फाटणे.

कापलेल्या लहरीत मूळ स्वराखेरीज नवे स्वर निर्माण होतात. माथा आणि तळ सारखेच कापले तर मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशी विषम पटीतली कंपने येतात. २०० हर्ट्झचा षड्ज वाजवला तर ६०० हर्ट्झचा पंचम आणि १००० हर्ट्झचा गंधार आपोआप डोकावतात. वरची बाजू खालच्यापेक्षा जास्त कापली तर दुप्पट, चौपट अशी सम पटीतली कंपनेही येतात आणि आवाजाचा पोत बदलतो.

दोन स्वर एकदम वाजवले तर आणखी गंमत. फाटणाऱ्या अँप्लिफायरमध्ये त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही ऐकू येतात. सा (२००) आणि प (३००) घेतले तर १०० आणि ५०० मिळतात, म्हणजे खालचा सा आणि वरचा ग. सगळे एकाच कुटुंबातले. पण पियानोच्या पद्धतीने जुळवलेला गंधार (२५२) षड्जाबरोबर घेतला, तर ५२ आणि ४५२ मिळतात. ते कुठेच बसत नाहीत आणि आवाज गढूळ होतो. रॉक संगीतातले गिटारवादक फाटक्या आवाजात षड्ज-पंचमाची जोडीच का जास्त वाजवतात, याचे उत्तर या साध्या गणितात आहे.

बिघाडातून जन्म

हा आवाज कोणी ठरवून शोधला नाही. तो बिघाडातून आला. १९५१ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात 'रॉकेट ८८' या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले. गिटारच्या अँप्लिफायरला प्रवासात इजा झाली होती. स्पीकरमध्ये कागद कोंबून काम भागवले गेले आणि त्याचा घरघरता आवाज तबकडीवर तसाच राहिला. १९५८ साली लिंक रे या वादकाने मात्र मुद्दामच पेन्सिलीने स्पीकरला भोके पाडली. लंडनमध्ये १९६४ साली डेव्ह डेव्हिस या तरुणाने पात्याने स्पीकरचा कागदी पडदा चिरला. म्हणजे आवाज अक्षरशः फाडला!

पण या डब्याचा खरा जन्म नॅशव्हिल शहरातला. तिथला एक प्रसिद्ध स्टुडिओ युद्धकाळातल्या अर्धगोल पत्र्याच्या लष्करी बराकीत होता. मार्टी रॉबिन्स यांच्या, १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाण्याच्या मुद्रणाच्या वेळी मिश्रणयंत्राचा एक ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांची गिटार भुंग्यासारखी गुणगुणू लागली. ते मुद्रण तसेच ठेवले गेले. मग इतर कलाकार तसाच आवाज मागू लागले. पण बिघडलेला ट्रान्सफॉर्मर बिघडतच गेला आणि शेवटी बंद पडला. तेव्हा ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी विचार केला : हा बिघाड ट्रान्झिस्टर वापरून पुन्हा घडवता येईल का? हॉब्ज या सहकाऱ्याबरोबर त्यांनी तसे मंडल बनवले. गिब्सन कंपनीने १९६२ साली ते 'मायस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आणले. जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर आणि साधे विजेरीचे सेल, एवढाच त्याचा संसार.

म्हणजे पहिला डबा हीच एक नक्कल होती, आणि तीही एका बिघाडाची! शिवाय तो विकला गेला तोही नकलेसाठीच. गिटारमधून ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्यूबा यांच्यासारखे आवाज काढता येतील, अशी त्याची जाहिरात होती. सुरुवातीला तो दुकानांत पडून राहिला. १९६५ साली 'रोलिंग स्टोन्स'च्या कीथ रिचर्ड्स यांनी एका गाण्यात तो वापरला. पुढे तिथे खरी पितळी वाद्ये घ्यावीत असा त्यांचा विचार होता. पण गाणे डब्याच्याच आवाजात प्रसिद्ध झाले, जगभर गाजले आणि डबे हातोहात खपले.

नकलांची वंशावळ

पुढचा सारा इतिहास एकमेकांच्या डब्यांचे झाकण उघडण्याचा आहे. लंडनमध्ये एका वादकाने आपला 'फझ-टोन' गॅरी हर्स्ट या तंत्रज्ञाकडे नेला आणि स्वर जास्त वेळ टिकेल असे काही कर म्हणून सांगितले. हर्स्ट यांनी मंडल बदलले आणि १९६५ साली 'टोन बेंडर' तयार झाला. १९६६ सालचा 'फझ फेस' याच घराण्यातला. त्यात दोनच ट्रान्झिस्टर.

१९७० च्या दशकात जपानी कंपन्या या धंद्यात उतरल्या. त्यांना कर्कश नव्हे तर जुन्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरसारखा मऊ फाटणारा आवाज हवा होता. म्हणजे पुन्हा नक्कलच! बॉस कंपनीच्या १९७७ सालच्या 'ओव्हरड्राइव्ह'मध्ये एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक असे डायोड बसवून लहर असमान कापली होती. १९७९ च्या सुमारास आयबानेझ कंपनीचा हिरवा 'ट्यूब स्क्रीमर' आला. त्याचे रचनाकार सुसुमु तामुरा. यात '४५५८' या क्रमांकाची आयसी असते. तिच्या निर्गमाकडून प्रवेशाकडे परत येणाऱ्या वाटेवर दोन सिलिकॉन डायोड उलटसुलट जोडलेले असतात. लहर ०.६ व्होल्टच्या आसपास गेली की डायोड वाहू लागतात आणि पुढची वाढ आवरतात. लहर तुटत नाही, वाकते. म्हणून आवाज मऊ.

गंमत म्हणजे '४५५८'चा मूळ आराखडाही अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीचा. जपानी कंपन्यांनी तीच आयसी आपल्याकडे बनवली. आणि 'ट्यूब स्क्रीमर'च्या नकला तर जगभर इतक्या झाल्या की त्यांची मोजदाद करणे कठीण.

हे सारे आम्ही वाचले ते त्या मुलाला परत पाठवल्यानंतर. त्याने उघडलेला डबा हाच होता.

आपल्याकडे

खरखरीत स्वराची आवड आपल्याला परकी नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तार किंचित घासत कंप पावते तेव्हा जी 'जवारी' लागते तीही तारेच्या साध्या कंपनात आणलेली गुंतागुंतच. तारेखाली दोऱ्याचा जीव सरकवून मिरजेचे कारागीर ती लावतात. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा पाचपट कंपनाचा. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तारेच्या ज्या बिंदूवर छेडावे त्या बिंदूशी निगडित काही कंपने उमटू नयेत, असा नियम आहे. या वाद्यांत ती उमटतात, हे त्यांनी दाखवले. मार्ग वेगळा, पण शुद्ध स्वराला उपस्वरांची जोड देण्याची ओढ तीच.

विजेच्या वाद्यांबाबतही मुंबई मागे नव्हती. १९५४ सालच्या 'नागिन' चित्रपटात हेमंतकुमार यांच्या संगीतात कल्याणजींनी 'क्लॅव्हिओलिन' हे व्हॉल्व्हवर चालणारे वाद्य वाजवून पुंगीची हुबेहूब नक्कल केली. ती धून आजही वरातीत वाजते. १९७० आणि १९७१ साली 'सिमला बीट' स्पर्धेतल्या बँडच्या तबकड्या निघाल्या. त्यांत भारतीय तरुणांनी वाजवलेली फाटकी गिटार ऐकू येते.

पण परदेशी डबा घेणे १९९१ पूर्वी सामान्य वादकाच्या आवाक्यात नव्हते. आयातकर जबर होता. सुटे भाग मात्र हाताशी होते. बंगलोरची भारत इलेक्ट्रॉनिक्स १९६० च्या दशकात जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनवू लागली. काही 'फझ फेस' डब्यांत असणारा 'एसी १२८' आपल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांच्या रोजच्या ओळखीचा. आणि '४५५८'? कोणत्याही गल्लीतल्या अँप्लिफायर बनवणाऱ्याला विचारा. त्याच्या 'बास-ट्रेबल'च्या प्लेटवर तीच आठ पायांची आयसी असते. जपानच्या नामांकित डब्याचे हृदय आपल्या गणपती मंडपातल्या अँप्लिफायरमध्ये कधीपासून धडधडत होते.

त्या अँप्लिफायरला आपल्या ठाणे-रायगडात गिटारपेक्षा जास्त वेळा जोडला गेला तो बेंजो. हळद असो, गणपती असो की आंबेडकर जयंतीची मिरवणूक, बेंजो पार्टी हवीच. हे वाद्य म्हणजे बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज जपानचा. १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्रासारख्या कळा तारांवर बसवून 'ताइशोगोतो' बनवले. ते भारतात आले आणि रुजले. कराचीच्या बाजूला त्याला 'बेंजू' म्हणतात. आपल्या वादकांनी तारांखाली चुंबक-वेटोळे बसवले, वायर अँप्लिफायरला जोडली आणि मिरवणुकीच्या गोंगाटावर मात करण्यासाठी बटण शेवटपर्यंत फिरवले. आवाज फाटला. लोकांना तो आवडला.

डब्यात शिरलेले आकाशवाणी केंद्र

पुढच्या वर्षी तो मुलगा पुन्हा भेटला. आता तो दहावीत होता. बदलापूरला राहणारे त्याचे मामा बेंजो वाजवत. त्यांच्यासाठी त्याने तो डबा बनवला होता आणि आम्हाला ऐकायला बोलावले होते. सामान आणायला तो बदलापूरहून लोकलने दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड आणि पुढे चालत लॅमिंग्टन रोड असा दोनदा जाऊन आला होता. पायाने दाबायचा दणकट स्विच शोधताना सर्वांत जास्त पायपीट झाली, असे तो सांगत होता.

मंडल त्याने साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत बसवले होते. मामांनी बेंजो छेडला. आवाज फाटला, अगदी हवा तसा. मामांनी हात थांबवला आणि डबीतून चक्क आकाशवाणीच्या मुंबई केंद्राच्या बातम्या सुरू झाल्या! घरातली सगळी हसू लागली. मुलगा कानकोंडा झाला. आम्ही मात्र चमकलो. लांब वायर एरियलचे काम करत होती. जो अर्धवाहक लहर असमान कापतो तोच मध्यम लहरींवरच्या रेडिओ-संदेशातून आवाज वेगळा काढू शकतो. आपण मुलांना शिकवतो त्या क्रिस्टल रेडिओचे तत्त्व हेच. आवाज फाडणे आणि रेडिओ ऐकणे या एकाच गुणधर्माच्या दोन बाजू आहेत, हे आम्हाला त्या साबणाच्या डबीने शिकवले.

उपाय धातूच्या डब्याचा. अंबरनाथला तेव्हा काडेपेटीच्या कारखान्यापासून शस्त्रास्त्र आणि यंत्र-अवजारांच्या सरकारी कारखान्यांपर्यंत सारे काही होते. त्यामुळे ओळखीत कोणी फिटर नाही असे घर तिथे शोधावेच लागे. अशाच एका ओळखीच्या फिटरकाकांनी पत्रा वाकवून, भोके पाडून डबा करून दिला. डबा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडला आणि बातम्या बंद झाल्या.

तेव्हा आम्ही आकृती पुन्हा पाहिली. मूळ मंडलात एके ठिकाणी ४.७ किलोओहमच्या रोधाबरोबर ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. मुलाने तिथे ०.१ मायक्रोफॅरडचा बसवला होता. "का रे?" आम्ही विचारले.

"सर, गिटारला ते बरोबर वाजायचं. मामांचा बेंजो मात्र नुसता किंचाळायचा. जुन्या रेडिओतले सात-आठ कपॅसिटर लावून बघितले. याच्यानं आवाज भरला."

घरी येऊन आम्ही गणित मांडले. मूळ जोडीमुळे सुमारे ७२० हर्ट्झच्या खालच्या स्वरांचे वर्धन कमी कमी होत जाते. नव्या कपॅसिटरने ती सीमा सुमारे ३४० हर्ट्झवर आली. जे आम्ही सूत्राने काढले ते त्याने कानाने गाठले होते. शिवाय एका बाजूला एक डायोड जास्त लावून त्याने लहर असमान कापली होती. बॉस कंपनीच्या डब्याची त्याला गंधवार्ताही नव्हती.

"यात तुझे काय?" या प्रश्नाचे उत्तर आम्हाला एक वर्ष उशिरा मिळाले. ते होते ०.१ मायक्रोफॅरड.

वर्गात काय करता येईल?

परीक्षेत शेजाऱ्याचे उत्तर उतरवणारा मुलगा प्रश्न समजून घेण्याचे टाळतो. डबा उघडून आकृती काढणाऱ्याला ते टाळताच येत नाही. एक जोडणी चुकली तरी डबा मुका राहतो. दोन्हींना आपण 'नक्कल' म्हणतो. हॅम्लेटचे संवाद पाठ करणे आणि पेटीवर गुरूची बंदिश उतरवणे यांत आपण फरक करतो, मग इथे का करू नये? नकलेच्या शेवटी निदान एक भाग तरी बदललेला आहे का आणि तो का बदलला, एवढे विचारले तरी पुष्कळ.

प्रयोग सोपा आहे. ९ व्होल्टची बॅटरी, ४५५८ आयसी, काही रोध आणि कपॅसिटर, इतकेच सामान लागते. डायोड मात्र तीन प्रकारचे घ्यावेत : सिलिकॉनचा (१एन४१४८), जर्मेनियमचा (प्रयोगशाळेतला जुना ओए ७९ चालेल) आणि लाल एलईडी. पहिला सुमारे ०.६, दुसरा ०.२ ते ०.३ आणि तिसरा १.७ व्होल्टच्या आसपास वाहू लागतो. एकच धून तिन्ही डायोड लावून वाजवावी आणि डोळे मिटून फरक ओळखायला सांगावे. डायोडचा आलेख फळ्यावर काढण्यापूर्वी मुलांनी तो कानांनी ऐकलेला असेल. घरच्या विजेवर चालणारे अँप्लिफायर, विशेषतः व्हॉल्व्हचे, मुलांना उघडू देऊ नयेत. आतले व्होल्टेज जिवावर बेतू शकते. आणि स्पीकर हळूच लावावा. आवाज फाटण्यासाठी तो मोठा असावा लागत नाही, ही तर या डब्याची खरी करामत!

आज असे तयार डबे घरपोच येतात आणि मोबाइलमध्येही त्यांचा आवाज काढता येतो. त्यामुळे झाकण उघडण्याची वेळ क्वचित येते. एखाद्या मुलाने तरीही ते उघडले आणि कागदावर आकृती काढून तुमच्याकडे आणली, तर आम्ही केलेली घाई करू नका. कागद पूर्ण उलगडायला सांगा, आणि यात काय बदलून पाहणार आहेस, ते विचारा.